वर्गातली दोरी

दिवाळी आली, की लोकांच्या घरी फराळाचे डबे येतात. आम्हा प्राध्यापकांच्या घरी डब्यांच्या जोडीला उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही येतात. गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाषाविज्ञानाच्या ऐंशी उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर येऊन पडल्या होत्या, आणि भाऊबिजेला आलेल्या बहिणीच्या गप्पा स्वयंपाकघरात रंगल्या असताना मी बाहेरच्या खोलीत लाल पेन घेऊन बसलो होतो. एवढ्यात भाचा चकली खात खात माझ्या शेजारी येऊन बसला. तो इंजिनिअर, चाकणच्या बाजूला मोटारींच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. गठ्ठ्यातली वरची उत्तरपत्रिका उचलून त्याने चाळली आणि विचारले,

"मामा, हे स्वनिम म्हणजे काय हो? प्रत्येकाने निराळंच लिहिलंय."

मी त्याला समजावून सांगितले. 'पाण्याचा जग' आणि 'सारे जग' हे शब्द लिहिताना सारखेच दिसतात. पण उच्चारून पाहा, दोन्हींतला 'ज' निराळा आहे, आणि त्या निराळेपणामुळे अर्थ बदलतो. 'काल' आणि 'काळ' यांतही एका ध्वनीच्या फरकाने अर्थ पालटतो. असा अर्थ बदलवणारा जो ध्वनी, तो स्वनिम. अक्षर निराळे आणि स्वनिम निराळा. बहुतेक मुलांनी नेमका इथेच घोटाळा केला होता.

"मला दोन मिनिटांत कळलं," तो म्हणाला. "हे तुम्ही मुलांना केव्हा शिकवलंत?"

"जुलैत."

"आणि त्यांना कळलं नाही, हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"आत्ता. या चकलीबरोबर."

"म्हणजे मधल्या चार महिन्यांत पुढचं सगळं त्याच्यावरच शिकवून झालं?"

"झालं. रूपिम, वाक्यविचार, अर्थविचार; अभ्यासक्रम अगदी वेळेवर संपवला."

तो हसला. "आमच्याकडे पहिल्या गाडीलाच कोणीतरी दोरी ओढली असती. मामा, तुमच्या वर्गात दोरी नाही का?"

मी हसण्यावारी नेले. पण रात्री गठ्ठा तपासताना तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. कारण त्या दोरीवाचून गेलेली एक मुलगी मला ठाऊक होती. काही वर्षांपूर्वी ती माझ्याच वर्गात होती. दुसऱ्या बाकावर बसे, एकही तास चुकवीत नसे, फळ्यावरचे अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घेई. सत्र परीक्षेत तिची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी निघाली. ती नापास झाली आणि पुढच्या सत्राला आलीच नाही. वर्षभराने एका कापडदुकानात ती मला काउंटरवर भेटली. ओळखीचे हसली. मी विचारले, "अगं, एकदा तरी विचारायचंस!" ती म्हणाली, "सर, दुसऱ्या आठवड्यापासूनच कळत नव्हतं. पण सगळे माना हलवत होते, म्हणून मीही हलवली."

म्हणून या दोरीचा शोध घ्यायचे मी मनावर घेतले. ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

तुटलेला धागा आणि थांबणारा माग

या दोरीचे मूळ मोटारीत नाही, मागात आहे. इचलकरंजी, मालेगाव, सोलापूरकडच्या वाचकांना हे चटकन पटेल. मागावर कापड विणताना धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर पुढचे सारे कापड सदोष निघते. जपानात साकिची तोयोदा नावाचा एक सुताराचा मुलगा होता. 1867 सालचा त्याचा जन्म. मागाच्या सुधारणेपायी त्याने सारे आयुष्य वेचले. 1924 साली त्याचा जो स्वयंचलित माग तयार झाला, त्याची खुबी अशी, की धागा तुटला की माग आपोआप थांबे. त्यामुळे प्रत्येक मागापाशी माणूस डोळ्यांत तेल घालून उभा करण्याची गरज उरली नाही. एकच कामगार अनेक माग सांभाळू लागला. 1929 साली या मागाचे हक्क इंग्लंडमधल्या प्लॅट ब्रदर्स या प्रख्यात कंपनीने विकत घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो याने पुढे मोटारी बनवायला घेतल्या, आणि 1937 साली टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

या घराण्याच्या कापडगिरणीत 1932 साली ताइइची ओनो नावाचा तरुण नोकरीला लागला आणि 1943 साली मोटारींच्या कारखान्यात आला. युद्धानंतरचा जपान कफल्लक झालेला. अमेरिकेसारखे एकाच नमुन्याच्या लाखो गाड्या काढून ठेवण्याइतके भांडवल नव्हते आणि गिऱ्हाईकही नव्हते. तेव्हा ओनोने उलटा विचार केला: माल आधी करून ढीग लावायचा नाही, पुढच्या माणसाला लागेल तेव्हा, लागेल तेवढाच करायचा. अमेरिकेतल्या मोठ्या वाणसामानाच्या दुकानांत फळीवरून माल उचलला गेला की तेवढाच पुन्हा भरतात, ही पद्धत त्याच्या मनात भरली होती. कारखान्यात त्यासाठी त्याने चिठ्ठ्या सुरू केल्या. पुढच्या माणसाकडून चिठ्ठी आली, की मागच्याने माल द्यायचा. हीच ती 'कानबान'.

आणि मागाचे थांबणे त्याने माणसांच्या हाती दिले. गाड्यांची रांग पुढे सरकत असते, प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. काही चुकते आहे असे वाटले, की त्याने ती ओढायची. दिवा लागतो, मुकादम धावत येतो. दोघांनी मिळून चूक तेवढ्यात निस्तरली तर ठीक, नाही तर सारी रांग थांबते. ओढणाऱ्याला कोणी रागवायचे नाही, उलट त्याचे आभार मानायचे, हा त्यातला खरा नियम. एका चुकीसाठी कारखाना थांबवणे महाग पडते खरे. पण ती चूक शंभर गाड्यांत जाऊन बसली, तर त्याहून महाग पडते.

आता कोणी म्हणेल, जपानी माणसे मुळातच शिस्तीची. आपल्याकडे हे कसे चालावे? त्याचे उत्तर कॅलिफोर्नियात मिळते. तिथे फ्रीमाँट गावी जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. कामगारांच्या गैरहजेरीबद्दल आणि भांडणांबद्दल तो बदनाम होता. 1982 साली तो बंद पडला. 1984 साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तो पुन्हा सुरू केला आणि कामावर घेतलेल्यांपैकी बहुतेक जण जुनेच कामगार होते. फरक काय, तर त्यांच्या हाती दोरी आली. पूर्वी रांग थांबवणे हा गुन्हा होता, आता ते कर्तव्य झाले. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गणना अमेरिकेतल्या उत्तम गाड्यांत होऊ लागली. 2010 साली ती भागीदारी संपली. पण माणसे तीच ठेवून व्यवस्था बदलली की काय घडते, याचा धडा ती देऊन गेली.

सडपातळ आणि चपळ

या पद्धतीला 'लीन', म्हणजे सडपातळ, हे नाव 1988 साली जॉन क्राफसिक या अभियंत्याने एका लेखात दिले. 1990 साली वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या मोटारधंद्यावरील ग्रंथाने ते जगभर नेले. सडपातळ म्हणजे उपाशी नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. व्यायामाने चरबी झडते तशी ती झडावी; हातपाय तोडून वजन कमी करणे म्हणजे सडपातळ होणे नव्हे. टोयोटाने 2001 साली आपली तत्त्वे लिहून काढली तेव्हा त्यांचे दोनच खांब सांगितले: सतत सुधारणा, आणि माणसांविषयी आदर. दुसरा खांब आपल्याकडचे पुष्कळ हिशेबी लोक सोयिस्करपणे विसरतात.

त्याच 2001 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड या बर्फातल्या ठिकाणी, संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे सतरा जण जमले. त्यांचे दुखणे आमच्यासारखेच होते. दोन दोन वर्षे योजनेबरहुकूम काम करायचे, कागदांचे ढीग रचायचे, आणि शेवटी गिऱ्हाइकाने म्हणायचे, "मला हे नको होते!" त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. त्याचा मथितार्थ असा, की नियमांपेक्षा माणसे मोठी, कागदांपेक्षा चालणारी वस्तू मोठी, आणि ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलत्या गरजेला जागणे मोठे. याला 'अजाइल', म्हणजे चपळ, असे म्हणतात. थोडे करायचे, ते लगेच वापरणाऱ्याला दाखवायचे, चुकले तर सुधारायचे, आणि मग पुढचे थोडे.

आता या आरशात आमचे कॉलेज पाहू. ओनोने कारखान्यातली उधळपट्टी सात प्रकारची सांगितली. जपानी भाषेत तिला 'मुदा' म्हणतात. आमच्या मराठी मुद्द्याशी तिचे नाते नाही. पण गोष्ट मुद्द्याची आहे. गरजेपेक्षा जास्त माल काढणे: एका तासात कोणाला पेलणार नाहीत इतक्या व्याख्या सांगणे. साठा: न तपासलेल्या निबंधांचा गठ्ठा. वाट पाहणे: आपले काय चुकले हे कळायला विद्यार्थ्याने चार महिने थांबणे. मालाची निष्कारण ने-आण: एकाच माहितीचे चार तक्ते चार टेबलांवर फिरवणे. माणसांची निष्कारण धावपळ: एका सहीसाठी तीन मजले चढणे. नको इतकी कलाकुसर: ज्या टिपणांचे पुढे काहीच होत नाही, ती सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून घेणे. आणि सदोष माल. या सातव्या प्रकाराचे नाव घेताना मात्र जीभ अडखळते. कारण आमच्याकडे व्यवस्थेचा दोष आम्ही विद्यार्थ्याच्या नावावर 'नापास' म्हणून लिहून मोकळे होतो.

ज्यांनी करून पाहिले

ही केवळ कल्पना नव्हे. विद्यापीठांत पुष्कळांनी ती करून पाहिली आहे. हार्वर्डला एरिक माझूर हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांचे तास विद्यार्थ्यांना आवडत, मुले अवघड गणितेही सोडवीत. 1990 च्या सुमारास त्यांनी वर्गाला साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न घातले. जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर जास्त जोर लावतो? न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोन्ही जोर सारखेच. पण तो नियम तोंडपाठ असलेल्या कितीतरी मुलांना ट्रकचा जोर जास्त वाटला! माझूर यांनी मग व्याख्यानाची रीतच बदलली. थोडे बोलायचे, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, आणि पुन्हा उत्तर द्यायचे. ज्याला नुकतेच कळले आहे तो शेजारी पुष्कळदा प्राध्यापकापेक्षा बरे समजावतो, हे त्यांना दिसून आले. 1997 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले.

1999 साली ग्रेगर नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या पद्धतीचे नावच कारखान्याची आठवण करून देणारे आहे: 'जस्ट इन टाइम' शिकवणे. तास सुरू होण्याच्या काही वेळ आधी मुलांनी इंटरनेटवरून दोनतीन प्रश्नांची उत्तरे पाठवायची. प्राध्यापकाने ती वाचून, कुठे अडले आहे ते पाहून, त्या दिवसाचा तास त्याप्रमाणे बेतायचा. कानबानची चिठ्ठी ती हीच. मागणी विद्यार्थ्याकडून येते, पुरवठा त्याप्रमाणे होतो.

बॉब एमिलियानी हे कारखानदारीतून अध्यापनात आलेले गृहस्थ. अमेरिकेतल्या रेन्सेलर संस्थेत व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गांतले विषय एकेक करून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुधारायला घेतले. त्याची हकीकत 2005 साली प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्ये कार्डिफ आणि सेंट अँड्र्यूज या विद्यापीठांनी 2006 च्या सुमारास कचेरीचे कामकाज या दृष्टीने तपासायला आरंभ केला. आणि नेदरलँड्समधल्या आल्फेन गावी, 'आश्रम कॉलेज' असे आपल्याला ओळखीचे वाटणारे नाव असलेल्या शाळेत, विली वाइनांड्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकाने 2011 पासून मुलांचे छोटे गट करून चपळ पद्धत वर्गात आणली. भिंतीवर कागद लावायचा, त्यावर 'करायचे', 'चालू' आणि 'झाले' असे तीन रकाने, आणि कामाच्या चिठ्ठ्या मुलांनीच एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायच्या. शिक्षक काय आणि केव्हापर्यंत ते सांगतो; कसे, ते मुले ठरवतात.

माझी दोरी

हे सगळे वाचून झाल्यावर आपणही काहीतरी करावे असे वाटले. हार्वर्डसारखी साधने माझ्यापाशी नाहीत. माझ्यापाशी ऐंशी मुले, एक फळा आणि पन्नास मिनिटे. तेव्हा मी जुन्या परीक्षेच्या पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या कापल्या. तास संपायला पाच मिनिटे उरली, की प्रत्येकाने नाव न घालता एकच वाक्य लिहायचे: आज काय कळले नाही?

पहिल्या आठवड्यात फजिती झाली. ऐंशीपैकी बहुतेक चिठ्ठ्यांवर 'सर्व कळले' असे होते, एकीवर 'पंखा चालू करा' असे होते. मुलांचा दोष नव्हता. 'कळले नाही' म्हणणाऱ्याला सगळे हसतात, हे ती पहिलीपासून शिकून आली होती. दोरी टांगली, पण ती ओढायला कोणी धजेना. तेव्हा मी पहिली दोरी स्वतःच ओढली. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले, की कालचे माझे उदाहरण मलाच नीट जमले नव्हते, आणि ते बदलून पुन्हा सांगितले. पंखाही चालू केला. त्या दिवसापासून चिठ्ठ्या बोलू लागल्या. एका सकाळी निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांत स्वन आणि स्वनिम यांचाच घोटाळा निघाला. पुढचा भाग बाजूला ठेवून मी 'जग' आणि 'काल-काळ' यांवर आणखी एक तास घालवला. मुलांकडूनच त्यांच्या गावच्या बोलीतल्या जोड्या काढून घेतल्या. आठवडाभर अभ्यासक्रम मागे पडला. पण पुढे रूपिम शिकवताना तो भरून निघाला, कारण पाया पुन्हा खणावा लागला नाही.

दुसरी गोष्ट गठ्ठ्याची. ऐंशी निबंध, दर निबंधाला सहा मिनिटे, म्हणजे एकूण आठ तास. तेही सत्र संपल्यावर, जेव्हा माझ्या शेऱ्यांचा कोणाला उपयोग नाही. त्याऐवजी दर आठवड्याला वीस मुलांकडून अर्धे पान घेऊ लागलो. दोन मिनिटांप्रमाणे चाळीस मिनिटांत ते तपासून होते आणि महिन्यात प्रत्येकाची पाळी येते. साऱ्या सत्राचा हिशेब केला तर कष्ट थोडे वाढले आहेत, हे कबूल करतो. पण आता लाल शाई वाया जात नाही. मंगळवारी दाखवलेली चूक मुले पुढच्या पानावर टाळतात.

शंका

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे सारे ऐकून राग आला. ते म्हणाले, "विद्यार्थी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, आणि कॉलेज म्हणजे मोटारींचा कारखाना नव्हे!" त्यांचे म्हणणे खरे आहे. गिऱ्हाइकाला आवडेल तेच द्यावे, हा न्याय शिक्षणाला लावला, तर उद्या व्याकरणाचे पुस्तकच बंद करावे लागेल. शिवाय काही गोष्टी लगेच कळायच्या नसतातच. विसाव्या वर्षी वाचलेली कविता चाळिसाव्या वर्षी उलगडते. तिला 'वाट पाहण्यातली उधळपट्टी' म्हणणारा माणूस रसिक नव्हे, मुनीमजी. बी पेरल्यावर रोज उकरून पाहिले तर ते उगवत नाही.

पण उशिरा उलगडणे निराळे आणि पहिल्याच पायरीवर अडखळून पडणे निराळे. स्वनिम ही कविता नव्हे. ती पायरी आहे. पायरीवर कोणी पडले आहे की नाही, ते त्याच दिवशी कळायला हवे. विद्यार्थी गिऱ्हाईक नाही, तसा तो मालही नाही. कारखान्याशी तुलना करायचीच तर तो रांगेवरचा कामगार आहे. शिकण्याचे काम तोच करतो. म्हणूनच दोरी त्याच्या हाती हवी.

दुसरी शंका मला स्वतःला वाटते आणि ती अधिक गंभीर आहे. सडपातळपणाच्या नावाखाली प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, तासिका तत्त्वावरच्या तरुणांना ठरावीक तासांचे पैसे देऊन तीन तीन कॉलेजांत धावायला लावायचे, आणि वर त्यांच्याकडून दर आठवड्याला चिठ्ठ्या वाचण्याची अपेक्षा करायची, हे ओनोचे तत्त्व नव्हे. त्याच्या कारखान्यात दोरी ओढली की मुकादम धावत येई. प्राध्यापकाने दोरी ओढली तर कोण धावत येते? एका वर्गात किती मुले असावीत, अभ्यासक्रमात किती घटक कोंबावेत, यावर शिकवणाऱ्याने 'थांबा' म्हटले तर ते ऐकणारे कोणी वरती हवे. नाही तर दोरी ही केवळ आणखी एक शोभेची वस्तू ठरेल. आणि आणखी एक तक्ता भरावा लागेल!

तरीही वर्गाचे दार लावून घेतल्यावर आतली पन्नास मिनिटे आमचीच असतात. यंदाच्या सत्रात, पाऊस कोसळत असताना, एक शेवटच्या बाकावरचा मुलगा चिठ्ठीची वाट न पाहता उभा राहिला आणि म्हणाला, "सर, थांबा. मला इथपासून कळलेलं नाही." कोणी हसले नाही. उलट दोन हात आणखी वर झाले. मी खडू खाली ठेवला आणि 'इथपासून' पुन्हा सुरुवात केली. त्या वेळी कापडदुकानातल्या त्या मुलीची मला आठवण झाली. तिला ही दोरी मिळाली नाही, आणि ते देणे माझ्याकडेच राहिले.

वाचकहो, तुमच्याही घरी शाळा-कॉलेजात जाणारी मुले असतील. ती घरी आली, की आपण बहुधा विचारतो, "आज काय शिकवलं?" आणि "किती मार्क पडले?" या दिवाळीनंतर एखाद्या संध्याकाळी, चहा घेता घेता, "आज काय कळलं नाही?" असे विचारून पाहा, आणि उत्तर आले, तर कृपा करून रागावू नका.